लाटांची पारख : गिरगाव–दादर किनारा आणि सर्फिंगयोग्य स्थळांचा शोध

प्रस्तावना

फुटत्या लाटेच्या उतारावरून फळीवर उभे राहून सरकत येण्याचा सर्फिंग हा खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली, प्रथम समाविष्ट झाला. पुढील ऑलिंपिक २०२४ मध्ये पॅरिसला झाले, तेव्हा सर्फिंगच्या स्पर्धा तेथून सुमारे पंधरा हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर तेआहुपो या गावी घ्याव्या लागल्या. पोहण्याचा तलाव कोठेही बांधता येतो, धावपट्टी कोठेही आखता येते, पण चांगली लाट मात्र ती जेथे असेल तेथे जाऊनच गाठावी लागते, इतके या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

भारतात या खेळाने कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास मूळ धरले आणि २०११ मध्ये त्याचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तमिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम, केरळचा दक्षिण भाग, गोव्यातील अश्वे आणि अंदमान समूहातील लिटल अंदमान ही नावे आता या खेळाच्या संदर्भात घेतली जातात. मुंबईचे नाव त्यात नाही. ज्या शहराला गिरगाव आणि दादर अशा दोन चौपाट्या भरवस्तीत लाभल्या आहेत, ज्याच्या मरीन ड्राइव्हवर पावसाळी लाट पाहण्यासाठी माणसांची रीघ लागते, त्या शहराचे नाव या यादीत का नसावे? हौसेचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. कारण समुद्रतळात आहे. ते समजून घेतले म्हणजे चांगल्या लाटेची जागा कशी ओळखावी हे तर कळतेच, शिवाय गिरगाव-दादरच्या पाण्यात केव्हा उतरू नये हेही कळते. मुंबईकराच्या दृष्टीने यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

लाट येते कोठून?

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या जवळच्या वाऱ्याने उठलेल्या. त्या आखूड व विस्कळीत असतात, एकीवर दुसरी चढते. दुसऱ्या दूरच्या वादळात जन्मलेल्या आणि वाऱ्याचे क्षेत्र मागे टाकून स्वतःच्या बळावर प्रवास करणाऱ्या. त्यांना येथे ‘प्रवासी लाटा’ म्हणू. प्रवासात आखूड लाटा मागे पडतात व लांब लाटा पुढे निघतात. त्यामुळे किनारी पोहोचेपर्यंत त्यांच्या रांगा सुटसुटीत, समान अंतराच्या झालेल्या असतात. सर्फिंग करणारा वाट पाहतो ती या लाटांची.

दोन लाटांमधील काळाला आवर्तकाल म्हणतात. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढावयाची असल्यास आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणावे. १५ सेकंदांच्या लाटेची लांबी अशा रीतीने सुमारे ३५० मीटर येते. तिचा वेग ताशी सुमारे ८४ किलोमीटर असतो, परंतु लाटांचा समूह, म्हणजेच ऊर्जा, त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. दक्षिण गोलार्धातील ४० ते ५० अंश अक्षांशांच्या वादळी पट्ट्यात उठलेली अशी लाट सात हजार किलोमीटरांचा प्रवास करून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागते ती सुमारे आठवड्याने. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, या लाटांचे पूर्वानुमान मच्छीमारांसाठी व किनारी प्रशासनासाठी प्रसिद्ध करते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि तरीही समुद्र एकाएकी चढलेला, असे दृश्य केरळात अधूनमधून दिसते. तेथील कोळी त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, असे म्हणतात. त्यामागे हीच दूरची वादळे असतात.

मुंबईपुढील समुद्रात याखेरीज आणखी दोन स्रोत आहेत. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रात मोठ्या लाटा उठवतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण त्या लहान व आखूड असतात. म्हणजे लाटांचा पुरवठा मुळात कमी आहे असे म्हणता येत नाही. अडचण पुढे आहे.

उथळ मंचाचा अडसर

पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते, तिची दिशा वळू लागते आणि तळाशी होणाऱ्या घर्षणात तिची ऊर्जा खर्च होते. वर उल्लेखिलेल्या १५ सेकंदांच्या लाटेला सुमारे १७५ मीटर खोलीवरच तळ लागतो. आता मुंबईच्या पश्चिमेची स्थिती पाहावी. १९७४ मध्ये जेथे तेल सापडले ते मुंबई हाय हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तेथे पाण्याची खोली अवघी ७५ मीटरांच्या आसपास आहे! दक्षिणेकडून येणाऱ्या लांब लाटेला गिरगाव गाठण्यापूर्वी दीडशेहून अधिक किलोमीटर तळाशी झगडत यावे लागते.

समुद्रबूड जमिनीचा हा मंच खंबातच्या आखाताकडे सर्वांत रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. गोव्यापुढे तो मुंबईच्या मानाने बराच कमी रुंद आहे, तर केरळपुढे त्याहून कमी. तेआहुपोचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे म्हणावे लागेल. तेथे खोल महासागरातून आलेली लाट तळाची कोणतीही पूर्वसूचना न मिळता थेट प्रवाळभिंतीच्या कडेवर चढते आणि सारी ऊर्जा एका क्षणात ओतते. मुंबईस येणारी लाट त्या मानाने दमलेली असते.

याच मंचाची दुसरी करामत अशी की तो प्रवासी लाटांना दमवतो, पण भरतीला चढवतो. भरती हीदेखील एक लाटच आहे, शेकडो किलोमीटर लांबीची. रुंद व उथळ मंचावर ती दाटते आणि तिची उंची वाढते. केरळात भरती-ओहोटीतील फरक जेमतेम मीटरभर असतो, गोव्यात दोन मीटरांच्या आसपास, मुंबईत उधाणाच्या दिवशी चार मीटरांपलीकडे जातो आणि भावनगरला दहा मीटरही ओलांडतो. लाट लहान आणि भरती मोठी हे मुंबईच्या किनाऱ्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

भूशिरे आणि उपसागर

उथळ पाण्यात लाट वळते, आणि वळते ती नेहमी उथळ भागाकडे. त्यामुळे समुद्रात घुसलेल्या भूशिरावर लाटांची ऊर्जा एकवटते, तर दोन भूशिरांमधील उपसागरात ती पसरून विरळ होते. सर्फिंगची जगातील अनेक उत्तम स्थळे भूशिराच्या कुशीला असतात. तेथे लाट टोकाला वळसा घालून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने फुटत जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. लाट उंच असून सर्व रुंदीभर एकदमच कोसळत असेल तर तिच्यावर स्वार होण्यास जागाच उरत नाही.

गिरगाव चौपाटी बॅक बेच्या डोक्याशी आहे. पश्चिमेस मलबार हिलची बेसॉल्टची रांग थेट टोकापर्यंत समुद्रात उतरते. पूर्वेस कुलाब्याचे टोक आणि भर घालून पुढे रेटलेला नरिमन पॉइंट. उपसागराचे तोंड नैर्ऋत्येस. वायव्येकडून येणाऱ्या हिवाळी लाटा मलबार हिलच्या आड अडतात. पावसाळी लाटा तोंडातून आत येतात, पण मलबार पॉइंटला वळसा घालून पसरत पसरत वाळूवर पोहोचतात तेव्हा त्यांचा जोर ओसरलेला असतो. त्यांचे फुटणेही ‘ओसंडणारे’ असते, म्हणजे माथ्यावरचा फेस हळूहळू खाली घरंगळतो. कमानीसारखी वळून कोसळणारी लाट निर्माण होण्यास तळ एकाएकी उथळ व्हावा लागतो, आणि तसा तो येथे होत नाही.

मरीन ड्राइव्हची गोष्ट निराळी. तेथे लाट वाळूवर फुटत नाही, ती भिंतीवर आदळते. उभ्या भिंतीवरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेस छेदते आणि दोहोंच्या माऱ्याने पाण्याचा लोट उंच उडतो. पावसाळ्यात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकणारी ती हीच लाट. ती उंच असते, देखणी असते आणि सर्वस्वी निरुपयोगी असते. भिंतीपुढे टाकलेले काँक्रीटचे चौपायी ठोकळे हा मारा शोषून घेण्यासाठी आहेत. त्यांच्या फटींतून पाणी ज्या वेगाने आत-बाहेर खेचले जाते त्यात निष्णात पोहणाराही तग धरू शकत नाही. वरळी सी फेसलाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडते.

दादरची वाळू वरळीचे टोक आणि वांद्र्याचे टोक यांमधील उपसागरात येते. नैर्ऋत्येकडील लाटांना वरळीचे टोक काही अंशी आड येते आणि उत्तरेस माहीमला मिठी नदी गाळ आणून टाकते. तळ मंद उताराचा, पाणी गढूळ. दादरला लाटा गिरगावापेक्षा जरा अधिक मोकळ्या येतात, पण त्याही एकसंध रांगेत फुटतात. पाण्याच्या शुद्धतेविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. वरळी आणि वांद्रे येथून शहराचे सांडपाणी तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यांनी समुद्रात सोडले जाते, एवढे सांगितले तरी पुरे.

तिथी आणि पाणी

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा मुंबई-कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस वा अमावस्येस सव्वाअकरा. नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, यावर हा हिशेब बेतलेला आहे आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने तो आजही जुळतो. अपोलो बंदरावर भरतीची यांत्रिक नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. त्या नोंदींवर आधारलेली अचूक कोष्टके मिळत असली तरी वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला पाऊणपट पुरते.

अनंत चतुर्दशीचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. ही तिथी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची, म्हणजे विसर्जन नेहमीच उधाणाच्या पाण्यात होते. १९३४ पासून लालबागमध्ये बसणाऱ्या ‘लालबागच्या राजा’ची मिरवणूक लालबागहून निघून गिरगावास पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. पौर्णिमेच्या पहाटे पाणी ओसरलेले असते आणि नंतर ते वेगाने चढू लागते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, पौर्णिमेच्या सकाळी, मूर्ती चौपाटीवर पोहोचली तेव्हा पाणी चढत होते. ती तराफ्यावर घेता आली नाही आणि विसर्जन रात्रीपर्यंत लांबले. दुपारची भरती उतरून सायंकाळची ओहोटी येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चढण्याच्या वेगाचाही हिशेब मांडता येतो. सहा तासांत चार मीटर पाणी चढते, पण सारख्या गतीने नव्हे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते ताशी सुमारे एक मीटर चढते. किनाऱ्याचा उतार शंभरास एक धरला तर काठ तासाभरात शंभर मीटर आत येतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे वा चित्रे टिपण्यात रमलेल्या माणसाची मागची वाट बंद होते ती याच दोन तासांत. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे वाट दिसत असल्याने माणूस सावध राहतो, पण मोकळ्या खडकावर अशी सूचना मिळत नाही.

सर्फिंगच्या दृष्टीने इतक्या मोठ्या भरतीचा परिणाम असा की लाटेची जागा टिकत नाही. मीटरभर उंचीची लाट साधारणपणे १.३ मीटर खोलीवर फुटते. पाण्याची पातळीच चार मीटरांनी हलत असेल तर ज्या उंचवट्यावर सकाळी लाट सुबक फुटली तेथे दुपारी तिला तळ लागणार नाही आणि सायंकाळी तो उंचवटा कोरडा असेल. मुल्कीला किंवा गोव्याला दिवसाचे कित्येक तास एकच जागा उपयोगी पडते. मुंबईत ती तासाभराची पाहुणी ठरेल.

वाऱ्याचा कौल

लाट किनाऱ्याकडे येत असताना वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर तो लाटेचा चेहरा उभा धरतो आणि ती उशिरा, नेटकी फुटते. म्हणून जगभर सर्फिंग करणारे पहाटे पाण्यात असतात. आपल्या शालेय भूगोलातील मतलई वारे ते हेच. दुपारी खारे वारे सुरू झाले की पृष्ठभाग खवळतो. कोकणकिनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात सकाळची ही संधी मिळते, परंतु तेव्हा लाटा लहान असतात. पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात, तर वारा दिवसरात्र समुद्राकडून जमिनीकडे. या वाऱ्याची साक्ष वाळूवरच पडलेली असते. पावसाळ्यात गिरगाव-दादरला वाहून येणारे निळ्या फुग्यांसारखे डंखधारी जीव, ज्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात, ते वाऱ्याच्या दिशेने ढकलले जातात. ते काठाला दिसले की वारा किती दिवस एकाच बाजूने लागून आहे हे समजावे आणि पाण्यापासून दूर राहावे.

पावसाळी समुद्राचा खरा धोका मात्र निराळा आहे. एकामागून एक लाटांनी काठाशी साचवलेले पाणी परतताना मिळेल त्या सखल वाटेने एकवटून बाहेर धावते. हा परतीचा प्रवाह ज्या पट्ट्यातून जातो तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून अनभिज्ञ माणसास तोच भाग शांत आणि सुरक्षित वाटतो. दर पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर बुडणाऱ्यांत तरुणांची संख्या मोठी असते आणि त्यांतील अनेकांना पोहता येत असते. फेसाच्या दोन पट्ट्यांमधील गडद, गुळगुळीत पट्टा ओळखणे हा सर्फिंगच्या शिक्षणातील पहिला धडा आहे, कारण फळी घेऊन आत जाण्याची सोपी वाट तीच असते. विनाफळीच्या माणसाने त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न येता काठाला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. हा धडा खेळ न खेळणाऱ्यासही शिकवायला हवा. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयाला किंवा दादरच्या समुद्रालगतच्या कीर्ती महाविद्यालयाला यासाठी वेगळी प्रयोगशाळा बांधण्याची गरज नाही. घड्याळ लावून दहा लाटा मोजाव्यात, दहाने भागावे, आवर्तकाल मिळतो. फेसाची पहिली रेघ कोठे उठते ते पाहावे, त्यावरून तळाचा उंचवटा कळतो.

चांगली जागा कशी शोधावी

वरील विवेचनावरून शोधाची रीत आपोआप ठरते. प्रथम खोलीचा नकाशा पाहावा. मंच अरुंद आणि काठालगतचा तळ एकाएकी चढणारा असा किनारा निवडावा. मग भूशिर, खडकाची रांग किंवा नदीमुखापुढील वाळूचा दांडा शोधावा, कारण लाटेला क्रमाने फोडणारी वस्तू या तिघांपैकीच एखादी असते. मुल्कीला शांभवी आणि नंदिनी या नद्यांच्या मुखाशी असा दांडा आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्रास मिळते तेथेही वाळूचे दांडे आहेत. मंच तेथे मुंबईपेक्षा अरुंद, भरतीही लहान. राज्यात या खेळास पोषक परिस्थिती कोठे शोधावी असे विचारल्यास बोट प्रथम तिकडे दाखवावे लागेल. मात्र वाळूचा दांडा स्थिर नसतो. प्रत्येक पावसाळा तो हलवतो, म्हणून गेल्या वर्षीची माहिती यंदा पुन्हा तपासावी लागते. नदीमुखाचे प्रवाह जोरकस असतात, तेव्हा स्थानिक कोळ्यास विचारल्यावाचून तेथे उतरणे हा अविचार होय.

मुंबईच्या वाट्याला हे आले नाही, पण त्यात शहराची हानी झाली असे म्हणता येणार नाही. जहाज नांगरण्यास जे हवे ते लाटेवर स्वार होणाऱ्यास नको असते. पूर्वेकडील ज्या निवांत पाण्यामुळे मुंबई बंदर झाली त्या शिवडीच्या चिखलात लाट नावालाही नसते, तेथे फ्लेमिंगो उतरतात.

पुसलेला किनारा

कोठल्याही किनाऱ्याची पारख करताना तो मूळचा किती आणि घडवलेला किती हेही पाहावे लागते. परळ, वरळी, माहीम, माझगाव ही एके काळची वेगवेगळी बेटे. महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आतल्या सखल भागात पसरत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास, बांध घालून ते खिंडार बुजवले गेले. पायधुनी आणि उमरखाडी ही नावे त्या पाण्याची आठवण ठेवून आहेत. विसाव्या शतकात बॅक बेमध्ये भर पडली. एकविसाव्या शतकात मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत सागरी किनारा मार्ग झाला. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला. सुमारे साडेदहा किलोमीटरच्या या मार्गासाठी शंभरहून अधिक हेक्टर क्षेत्र भर घालून निर्माण केले गेले. ब्रीच कँडी ते वरळी या पट्ट्यातील जे खडक ओहोटीला उघडे पडत त्यांतील काही आता भरावाखाली आहेत. तेथे लाट पूर्वी कशी फुटत होती याची शास्त्रीय नोंद फार थोडी, कोळ्यांच्या स्मरणात मात्र पुष्कळ.

त्या स्मरणाची कसोटी एकदा लागली. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरावरून निघणाऱ्या बोटींना मार्गाच्या पुलाखालून समुद्रात जावे लागणार होते आणि दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठरले होते. नकाशावर ते बोटीच्या रुंदीच्या कितीतरी पट होते. पण वारा आडवा असताना, लाट तिरकी येत असताना आणि भरतीचा ओढ खांबांकडे असताना बोट सरळ रेषेत जात नाही, ती सरकत जाते, हे वरळी कोळीवाड्यातील मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत होते. त्यांनी काम रोखून धरले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने त्यांचे म्हणणे मान्य केले, एक खांब वगळण्यात आला आणि तेथील अंतर १२० मीटर झाले.